हँग झालेली चादर

आमच्या कारखान्यात सुनेची एक खोली आहे. त्या खोलीत कंप्युटर आहे. त्या यंत्राची मला किळस येते. राग मला मागाचा यायचा. ताणा तुटला की मी मागाला आईबहिणीवरून शिव्या द्यायचो आणि गाठ मारून माग चालू झाला की राग निघून जायचा. किळस तशी जात नाही. ताटात एकदा केस निघाला की भाजी कितीही चांगली असू दे, घास पुढं जात नाही. तसं माझं त्या यंत्राच्या बाबतीत झालंय.

मी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा रडतखडत. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. मी सोलापुरात आलो आणि एका तेलुगू मास्तराच्या हाताखाली चादरीची कार्डं पाडायला शिकलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर काढायचा. मग कागदातली एकेक ओळ बघत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना शिवायच्या आणि त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवायची. भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. त्यातून मोर उतरतो. एखादं भोक चुकलं की मास्तर मराठीत बोलायचा थांबायचा आणि तेलुगूत सुरू व्हायचा. अर्थ कळायचा नाही, पण कान गरम व्हायचे. माझी भोकं नंतर चुकली नाहीत. माझा मोर कितीतरी घरांत लोकांच्या अंगावर निजलेला आहे, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो. बरं, मोठेपणा म्हणून सांगितलं तरी काय बिघडलं?

पुढं स्वतःचे माग टाकले. मुलगा मोठा झाला, कारभार त्याच्या हातात गेला. त्यानं मागाच्या डोक्यावरची, पट्ट्यांवर चालणारी जुनी जेकार्डं काढून विजेवरची बसवली. आता पुठ्ठा नाही आणि भोकही नाही. कंप्युटरवर चित्र काढायचं, बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये भरायचं आणि मागाच्या पेटीत खुपसायचं. माझ्या पट्ट्यांच्या माळा माळ्यावर पडून राहिल्या, उंदरांनी त्यात संसार मांडले.

ते चित्र काढायचं काम सुनेकडं आलं. लग्नाआधी तिनं डिझाईनचं शिक्षण घेतलेलं. पण आमच्या घरात आल्यापासून तिनं केलं काय, तर माझेच मोर, माझीच कमळं, माझीच वेलबुट्टी कंप्युटरवर चढवली. हिरव्याचं निळं केलं, निळ्याचं मेंदी केलं. यंदाच्या पावसाळ्यात मात्र तिनं पहिल्यांदा स्वतःचं काही काढलं. ज्वारीचं कणीस. चादरीच्या चारी बाजूंनी कणसांची रांग, मधे मोकळी जमीन.

मी बघितलं आणि म्हणालो, "हे काय? माणूस पांघरूण घेतोय का रानात राखणीला निजलाय?"

ती म्हणाली, "मामा, कोपरा बघा. कोपऱ्यात कणीस वळतं ते बघा ना." सून मला मामा म्हणते.

कोपरा मी बघितला. कोपऱ्यात कणीस वाऱ्यानं वाकावं तसं वाकून दुसऱ्या बाजूला लागत होतं. किनार कोपऱ्यात वळवणं हे सगळ्यात अवघड काम. पुष्कळ डिझाईनवाले तिथं एक फूल चिकटवतात आणि मोकळे होतात. तिनं फूल चिकटवलं नव्हतं. त्या एका कोपऱ्यापायी ती श्रावणभर त्या पडद्यासमोर बसली होती. मला ते आवडलं की नाही ते मी बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

नवी पेठेत आमचा माल घेणाऱ्या शेठला तिनं मोबाईलवर फोटो पाठवला. शेठ म्हणाला, फोटोवर माल घेत नसतो, विणलेलं सँपल दाखवा. वर म्हणाला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी माझी दिवाळीची खरेदी संपते, त्याच्या आत आणा. आणि मुलानं तिला घरात ऐकवलं, "या खेपेला शेठनं घेतलं तर बरं. न्हायतर डिझाईन बाहेरनं घ्यायची आणि तुझी खोली सुताला लावायची. सूत ठेवायला जागा न्हाय." तो हे जेवताना म्हणाला. ती वाढत होती. तिनं आमटी वाढली आणि आत निघून गेली.

म्हणजे सोमवारपर्यंत ते कणीस मागावर चढून चादर उतरायची होती. फक्त एवढंच काम होतं.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं मागांची पूजा असते. सगळे माग पुसून, तेल देऊन, हार घालून बसवायचे. रिकामा माग पूजेला बसवत नाहीत, त्याच्यावर कापड हवं, अर्धी विणलेली का असेना चादर हवी. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळची आरती होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. धोट्याला नाही, कात्रीला नाही, साध्या सुईलासुद्धा नाही. हत्यारं विसाव्याला बसलेली असतात. हा नियम मास्तराच्या कारखान्यात होता, तोच माझ्या कारखान्यात आहे.

सुनेनं तिच्या कंप्युटरची पण पूजा मांडली. चांगलं केलं. त्याच्यापुढं तांदळावर सुपारी ठेवली, पडद्याच्या वर झेंडूचा हार सोडला. आणि रिकामा माग पूजत नाहीत म्हणून तिनं पडद्यावर तिचं कणीस उघडून ठेवलं. हळदीकुंकवाच्या मधे ते कणीस उजळून दिसत होतं. आरती झाली. प्रसाद वाटून होतोय तोवर पडद्याच्या कोपऱ्यात एक डबी उगवली. सून चष्मा सावरत पुढं झाली.

"अहो, नवी सिस्टीम घालू का म्हणतंय. आत्ता का नंतर, विचारतंय. वेळ उलटी मोजायला लागलंय. मामा, मी एकच बटण दाबते, नंतर म्हणते."

"हात लावायचा न्हाय," मी म्हणालो.

"एकच बटण मामा."

"एक असो न्हायतर अर्धं. पूजेत बसलंय ते."

मुलगा मधे पडला. "आण्णा, ते यंत्र हाय. त्याला काय कळतंय?"

"मग माग काय माणूस हाय व्हय? माग बंद ठेवतो का न्हाय आपण? का कळतंय म्हणून ठेवतो? तुझ्या जन्माच्या आधीपास्नं हा नियम हाय."

सून हात मागं घेऊन उभी राहिली. आम्ही सगळे त्या डबीकडं बघत बसलो. डबीतली वेळ संपली. कुणी काही दाबलं नाही, तर त्या निर्लज्ज यंत्रानं स्वतःच हो म्हणून घेतलं. कणीस गेलं, पडदा काळा झाला आणि मधोमध एक गोल भिंगरीसारखं फिरायला लागलं. वर झेंडूचा हार, खाली फिरणारं गोल. अक्षता टाकलेल्या हत्याराला काम करताना मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिथंच माझी किळस सुरू झाली. लोक अजून म्हणतात की आण्णा, तुम्ही बटण दाबू दिलं असतं तर पुढचं झालं नसतं. मी म्हणतो, विसाव्याला बसवलेल्यानं विसाव्याला बसावं. माणसानं नियम पाळला, यंत्रानं मोडला. जाब कुणाला विचारायचा ते तुम्ही ठरवा.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाल्यावर सुनेनं कंप्युटर उघडला. आतलं सगळं घरच बदललेलं. खालची पट्टी डाव्या हाताला होती ती मधोमध आली होती. चित्रं गोल गुळगुळीत झाली होती, साबणाच्या वड्यांसारखी. कुणी सांगितलं होतं हलवायला? दुसऱ्याच्या घरात शिरून भांडी हलवून ठेवणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणतो?

तिनं डिझाईनचा प्रोग्राम उघडला. पडदा पांढरा झाला. वर इंग्रजीत उमटलं. "काय लिहिलंय?" मी विचारलं.

"नॉट रिस्पॉन्डिंग. उत्तर देत नाही म्हणतंय."

"कुणाला उत्तर देत न्हाय?"

"कंप्युटरला."

"कंप्युटरमधलंच हाय ना ते? मग घरातल्या घरात बोलणं बंद व्हय?"

ती हसली नाही. तिनं प्रोग्राम मारून बंद केला, परत उघडला. परत पांढरा. कंप्युटर बंद करून चालू केला. परत तेच. दसऱ्याचं सोनं वाटायला लोक येत होते, ती पदराला हात पुसत बाहेर जायची, आपट्याचं पान घ्यायची, पाया पडायची आणि परत आत जाऊन त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसायची. मागच्या खोलीत माग सुरू झाले होते आणि एक माग तिच्या कणसासाठी थांबवून ठेवला होता. रिकाम्या मागाचा आवाज नसतो, तो नसलेला आवाज मला बाहेर ओट्यावर ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मुलानं जुळे सोलापुरातनं कंप्युटरवाला बोलावला. स्कूटरवर आला, पाठीला पिशवी, तोंडात मावा. आल्या आल्या आमच्या जुईच्या वेलाजवळ पिचकारी टाकली, हातानं ओठ पुसले आणि तोच हात पँटला पुसून कंप्युटरला लावला. पडद्यावर त्याच्या बोटांचे तेलकट ठसे उमटले. भजी खाऊन आला असावा. पहिलं काम त्यानं काय केलं? मोकळ्या जागेवर बटण दाबून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. चित्रं लुकलुकायची आणि होती तिथंच राहायची.

"यानं काय होतंय?" मी विचारलं.

"कंप्युटर फ्रेश होतो, आजोबा."

"मग तोंड धुवून घ्या की त्याचं. पाणी आणू?"

मुलानं माझ्याकडं डोळे वटारले. कंप्युटरवाला हसला, माव्यासकट. मग त्यानं व्हायरसचा प्रोग्राम काढून टाकला. डिझाईनचा प्रोग्राम पांढराच. प्रिंटर काढला. पांढराच. प्रोग्रामला म्हणे सांगितलं की तू जुन्याच सिस्टीमवर आहेस असं समज. म्हणजे खोटं सांगितलं. त्या खोट्यावर प्रोग्राम जरा उघडल्यासारखा झाला, माझा मोर अर्धा दिसला, पिसारा आला आणि मान यायच्या आधी परत पांढरा. 

त्यानं फोन लावला. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत एक बाई हिंदीत बोलत होती. फोन मोठ्या आवाजात ठेवला होता म्हणून सगळं ऐकू आलं. बाईचा आवाज गोड, इतका गोड की दातात कळ यावी. म्हणाली, आपका वर्जन पुराना है, नई सिस्टीम पे नहीं चलेगा, नया वर्जन ले लीजिए.

मी फोनजवळ तोंड नेलं. "बाई, चल रहा था ना? परसों तक चल रहा था."

"जी सर, पर अब सपोर्ट बंद है."

"किसने बंद किया?"

"सर, कंपनी ने."

"कौन सी कंपनी? सिस्टीमवाली के तुम्हारी?"

"सर, आप नया वर्जन ले लीजिए."

विचारलं एक, उत्तर दुसरं. मी फोन सोडला. मी पाडलेली कार्डं आजसुद्धा जुन्या मागावर चढवा, मोर उतरेल, उंदरांनी खाल्लेला तुरा सोडून. पुठ्ठा कधी म्हणाला नाही की माझा सपोर्ट बंद आहे.

कंप्युटरवाल्यानं पिशवीतनं एक चकती काढली. "सोपंय. फॉर्मॅट मारू. सगळं साफ करून नव्यानं टाकतो, संध्याकाळी देतो."

सून झटकन उठली. "फॉर्मॅट नको. माझी फाईल त्यात आहे."

"बॅकअप नाही घेतला, मॅडम?"

"मोरांचा आहे. कणसाचा नाही. ते अजून चालू होतं ना. पूर्ण झालं की घेणार होते."

"मग जाऊ द्या ना, परत काढा. एकच तर डिझाईन आहे."

एकच तर डिझाईन आहे! श्रावणभर बसलेल्या बाईला हा मावा खाणारा सांगतो, एकच तर आहे. आणि मुलगा? मुलगा म्हणाला, "मारा फॉर्मॅट. मोर हाईत ना, तेवढं बास. सोमवारी शेठला मोरच नवीन रंगात दाखवू."

 सुनेचा हात माऊसवर होता, तो तिनं काढून घेतला. मी तिची खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसलो. मला त्या यंत्राला कुठं दाबायचं ते ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचं पण नाही. फक्त बसलो.

"आण्णा, उठा की. त्यांना काम करू दे."

"काम करू दे ना. पुसायचं काम करायचं न्हाय. पुसायला मला पण येतंय, फडकं हाय माझ्याकडं."

"तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"त्याला तरी काय कळतंय? सकाळपास्नं तोंड धुतोय त्याचं."

कंप्युटरवाला म्हणाला, "आजोबा, मला अजून दोन कॉल आहेत."

"जा की. दार उघडंच हाय. जाताना जुईकडनं जाऊ नका तेवढं."

तो लाल झाला, पण गेला नाही. जरा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग पडेल आवाजात म्हणाला, "एक करता येतं. सिस्टीम मागे नेता येते. नवीन टाकल्यावर थोडे दिवस जुनी पण आत ठेवलेली असते. त्या दिवसांच्या आत मागे जाता येतं."

"मग हे पहिल्यांदा का न्हाय सांगितलं?"

"वेळ लागतो त्याला. फॉर्मॅट लवकर होतो."

बघा. जाळलं तर लवकर, म्हणून जाळायचं. असल्या लोकांच्या हातात आपण आपली कामं दिली आहेत. मी खुर्चीवरनं उठलो, पण खोलीतनं हललो नाही. तो परत गोल फिरवायला लागला. यावेळी गोल मागच्या मागं फिरतंय की पुढं, ते काही कळत नव्हतं. तो बाहेर जाऊन मावा बदलून आला. माझा नातू शोभेल अशा वयाचा, पण दातांचा रंग माझ्या दातांपेक्षा वाईट.

दुपार उतरता उतरता जुनी सिस्टीम परत आली. पट्टी डावीकडं आली. सुनेनं प्रोग्राम उघडला. पांढरा झाला नाही. मोर उघडला, अख्खा, मानेसकट. मुलानं टाळी वाजवली. मग तिनं कणीस उघडलं. आणि प्रोग्राम हँग झाला.

परत उघडला, परत मोर चांगला, परत कणसापाशी हँग. कंप्युटरवाला वाकून बघत म्हणाला, "ही फाईलच करप्ट झालीय. अपडेट झालं तेव्हा ही उघडी होती का?"

 पूजेत उघडी होती, सगळ्यांना माहीत होतं. सून माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती पडद्याकडंच बघत होती.

"प्रोग्राम मधे मधे स्वतःची कॉपी ठेवतो," तो म्हणाला. शोधाशोध केली आणि एक कॉपी निघाली, फार जुनी, श्रावणाच्या आधीची. ती उघडली. हँग झाली नाही. चारी बाजूंना कणसं होती. कोपरे नव्हते. कोपऱ्यावर तिनं शेवटचं काम केलं होतं ते सगळं गेलं. कणसांची रांग यायची आणि कोपऱ्याजवळ येऊन तुटायची.

कंप्युटरवाला पिशवी भरून गेला. दारात मुलाला म्हणाला, "आजोबा कडक आहेत." मुलगा म्हणाला, "विचारू नका."

सोमवार डोक्यावर आला होता. माग रविवारी तरी चालू व्हायला हवा, म्हणजे शनिवारी चित्र हवं. तो कोपरा परत काढायला तेवढा वेळ नव्हता. मी सुनेला म्हणालो, "फूल टाक. कोपऱ्यात एक लाल फूल टाक. कुणी बघत न्हाय. चौकटीचा कागद आण, मी काढून देतो."

"नको मामा."

"अगं, सगळे टाकतात."

"म्हणूनच नको. माझं मला करू द्या." आवाज चढवला नाही तिनं. पण माझ्यापुढं असं या घरात कुणी बोललेलं नाही. मी बाहेर आलो आणि ओट्यावर बसलो. फार अपमान वाटला. जेवायला बोलावलं तर म्हणालो भूक नाही. भूक होती.

शनिवारी तिनं चित्र मागावर दिलं. रविवारी माग चालला. चादर उतरली तेव्हा मी गेलो बघायला, नाही म्हटलं तरी पाय गेले. कणसं बाजूंनी येत होती, कोपऱ्याच्या अलीकडं थांबत होती, आणि कोपरा रिकामा होता. अगदी रिकामा पण नाही. चार-सहा दाणे सांडलेले. बास. खळ्यावर मळणी झाल्यावर कडेला पडतात तसे. मी म्हणालो, "अर्धवट वाटतंय." मुलगा म्हणाला, "लई अर्धवट वाटतंय." ती चादरीची घडी करत राहिली.

सोमवारी नवी पेठेत मी, मुलगा आणि सून गेलो. सून दुकानात यायची ही पहिलीच वेळ. मुलगा म्हणत होता, तू कशाला, आम्ही दाखवून येतो. ती म्हणाली, मी येते. रिक्षा पेठेच्या तोंडाशी थांबली, पुढं गर्दीतनं चालत गेलो. दिवाळीच्या खरेदीनं रस्ता भरलेला, बायकांच्या पिशव्या गुडघ्याला लागत होत्या.

शेठ गादीवर बसलेला. दातात काडी. त्यानं चादर गादीवर पसरली, काडीनं दात कोरत कोरत कणसांवरून हात फिरवला. हात फिरवतानाच मला कळतं, माल आवडलाय का नाही ते. सूत बघितलं, उलटी बाजू बघितली. मग कोपऱ्याला थांबला.

"आण्णा, हे काय? इथं विणायचं राहिलं का?"

"राहिलं न्हाय," मुलगा घाईनं म्हणाला. "नवीन पद्धत हाय."

"नवीन आपल्या जागी. गिऱ्हाईक म्हणणार डिफेक्ट आहे. इथं एक फूल टाका. लाल. लग्नाच्या आहेरात लाल लागतंच. लाल फूल टाका आणि द्या."

मी गेली कित्येक वर्षं या गादीसमोर बसतोय. शेठ म्हणाला लाल, आम्ही लाल. शेठ म्हणाला रुंद, आम्ही रुंद. मुलगा मान हलवायच्या बेतात होता, मला त्याची मान दिसत होती.

"फूल नाही येणार," सून म्हणाली.

शेठनं दातातली काडी काढली. "का?"

"ज्वारीला लाल फूल येत नाही."

मागं उभी असलेली एक बाई हसली. शेठनं तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. "आण्णा, तुम्ही काय म्हणता? जुने आहात तुम्ही. सांगा सुनेला."

आता हेच मी घरात म्हणालो होतो. लाल फूल टाक. शब्दसुद्धा तेच. पण मी म्हणणं वेगळं आणि दात कोरत बसलेल्यानं म्हणणं वेगळं. मी पहिल्यांदा त्या कोपऱ्याकडं नीट बघितलं. त्याच्या बोटाखाली ते चार दाणे दबले होते. मला त्या बोटाची एकदम शिसारी आली.

"बोट काढा," मी म्हणालो.

"काय?"

"कोपऱ्यावरचं बोट काढा, शेठ. मग बघा."

त्यानं बोट काढलं. बघितलं. मी पुढं म्हणालो, "डिझाईन तिचं हाय. ती म्हणती फूल न्हाय, तर न्हाय. मोर पाहिजे असंल तर माझा हाय, त्याला पाहिजे तेवढं लाल घाला."

"आण्णा, तुम्ही पण..." शेठ हसला. गड्याला चहा सांगितला. चहा आला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मी दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता, मधेच फोन घेत होता, चादर तशीच पसरलेली. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "गेलं काम. सांगत होतो मोर आणा." सुनेनं चहाला हात लावला नव्हता. तिचं लक्ष फक्त चादरीवर होतं, तिच्यावर कुणी पाय देईल की काय अशा नजरेनं ती बघत होती.

मग शेठनं फोन खांद्यात धरून बोलता बोलता दोन्ही हातांनी चादरीची घडी घातली. आमच्या धंद्यात कुणी तोंडानं हो म्हणत नाही. नको असलं की सँपलची घडी करून आपल्या हातात परत देतात, हसून देतात, चहा पाजून देतात. शेठनं घडी केली, उठला आणि मागच्या फळीवर ठेवली. मग परत बसून फोनवर बोलायला लागला.

मी उठलो. मुलगा पण उठला, त्यालाही कळलं, त्याच्या तोंडावर आलंच ते. सून बसूनच. फळीकडं बघत होती, मग माझ्याकडं.

रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "मामा, चादर तिथंच राहिली. काय म्हणाले ते?"

"घेतली," मी म्हणालो.

"फूल?"

"न्हाय. अशीच घेतली."

ती गर्दीत तशीच उभी राहिली, लोक तिला वळसा घालून जायला लागले. मुलगा म्हणाला, चला आता, रिक्षा बघू. तिनं मोबाईल काढून कुणालातरी फोन लावला, बहुतेक माहेरी. बोलता बोलता पदर तोंडाला लावला. मी तिकडं बघितलं नाही, मी रिक्षा बघत होतो.